नाण्यावर कोणाचा चेहरा? ख्रिस्ती विचार, राजकारण आणि वसईची विहीर

मागे आवाज पोचतोय ना? बरं, सुरुवात करू या.

गोरेगावकरांना राजकारण म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते नळावर शिकले. मृणालताई गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, ते काही उगीच नाही. पूर्वेला नागरी निवारा परिषदेची घरं उभी राहिली, तीही लढूनच. आणि याच गोरेगावात, आरे रोडवर, सेंट पायस सेमिनरी आहे. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताचे धर्मगुरू तिथे घडतात. आज आम्हाला विचारायचंय ते एवढंच : तिथून बाहेर पडणाऱ्या तरुण फादरनं नळाबद्दल बोलावं की नाही?

‘बोलू नये’ म्हणणारे दोन्हीकडे आहेत. बाहेरचे म्हणतात, तुम्ही मिस्सा करा, सरकारच्या कामात पडू नका. आणि आतले, म्हणजे आम्ही, चर्चच्या बाकावर बसणारी माणसं, म्हणतो की आपण अल्पसंख्याक, कशाला डोळ्यांवर यायचं? दोघंही आधाराला एकच गोष्ट घेतात, कैसराच्या नाण्याची. कर द्यावा की नाही, असं विचारून येशूला पेचात पकडायला लोक आले. त्यानं नाणं मागवलं, त्यावर चेहरा कोणाचा ते विचारलं, आणि ज्याचं त्याला द्या म्हणून सांगितलं. झालं! राजकारण वेगळं, धर्म वेगळा, असा अर्थ आपण लावून मोकळे होतो.

पण गोष्ट पुन्हा ऐका. नाण्यावर कैसराचा चेहरा आहे म्हणून ते कैसराचं. मग देवाचा चेहरा कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात उत्तर आहे : माणसावर. म्हणजे कर कैसराला द्यायचा, माणूस द्यायचा नाही. ही गोष्ट चर्चला गप्प बसवण्यासाठी नाही, ती सरकारची हद्द आखून देते. नव्या करारात दोन्ही टोकं आहेत. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सत्तेला देवाची सेवक मानतो. प्रकटीकरणाच्याही तेराव्याच अध्यायात सत्ता श्वापद होऊन येते. फक्त पहिलं वाचणारा सरकारचा भाट होतो आणि फक्त दुसरं वाचणारा प्रत्येक कायद्यात सैतान शोधतो. सेवक कुठे संपतो आणि श्वापद कुठे सुरू होतं, हे ओळखणं हेच खरं काम आहे.

हे काम मराठीत कोणी करून दाखवलं? त्यासाठी लांब जायला नको. गोरेगावहून विरार लोकल पकडा, भाईंदरची खाडी ओलांडा, वसई आली. केळी, पानवेली, फुलं, भाजी, वाडीत विहीर, असा हा पट्टा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथली जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली. बिल्डर आले, विहिरींचं पाणी टँकरनं बाहेर जाऊ लागलं, आणि राजकारण नि गुंडगिरी यांच्यातला फरक पुसट झाला. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ते आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई संरक्षण समिती’ घेऊन रस्त्यावर आले. धमक्या आल्या, तरी हटले नाहीत.

आता, कॅथलिक धर्मगुरूला हे चालतं का? १९८३ची चर्चची कायदासंहिता सांगते की धर्मगुरूनं सत्तेचं पद घेऊ नये आणि राजकीय पक्षात सक्रिय होऊ नये. पण तिथेच एक वाट मोकळी ठेवली आहे : चर्चचे हक्क राखायला किंवा सर्वांचं हित साधायला गरज असेल, आणि वरिष्ठांना तसं वाटत असेल, तर. दिब्रिटो निवडणुकीला उभे राहिले नाहीत. सत्ता मागायची नाही, पण सत्तेला तिचं काम विचारायचं, एवढी साधी ती भूमिका होती. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं ‘लाउदातो सी’ हे पत्र २०१५ सालचं. वसईचे लोक त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी विहिरीच्या काठावर तेच म्हणत होते.

आणखी एक गोष्ट बघा. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी एक तत्त्व मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर, जे काम लहान संस्थेला जमतं ते मोठीनं हिसकावून घेऊ नये. ऐकायला पुस्तकी वाटतं ना? पण ३ जुलै २००९ला वसई-विरार महानगरपालिका झाली, ग्रामपंचायती गेल्या, आणि ‘आमची गावं वगळा’ म्हणून लोक उठले तेव्हा ते तत्त्वच गावच्या वेशीवर उभं होतं. आंदोलकांपैकी किती जणांना ते पत्र माहीत असेल? बहुधा कोणालाच नाही. पण आपल्या विहिरीचा निर्णय दूरच्या इमारतीत होतोय, हे त्यांना पक्कं कळत होतं.

इथवर कौतुक झालं. आता थोडं कडू बोलू.

वसईच्या आंदोलनाची भाषा नीतीची होती. हाव वाईट, निसर्ग देवाचा. खरंच आहे. पण बिल्डरला जमीन विकली कोणी? बाहेरून कोणी येऊन सातबारा चोरून नेला नाही. रविवारी मिस्सेला बसलेल्यांपैकीही काहींनी सह्या केल्या. मुलीचं लग्न होतं, आजारपण होतं, शेती परवडत नव्हती, आणि हो, हावही होती. प्रवचनानं हावेला लगाम बसेलही, पण शेती परवडायची तर पाणी, बाजार, विकास आराखडा यांवर बोलावं लागतं. नुसती नीती सांगून धोरण बदलत नाही. आमच्या ख्रिस्ती लिखाणाचं हे जुनं दुखणं आहे : पाप आम्हाला माणसात लगेच दिसतं, व्यवस्थेत उशिरा दिसतं.

दुसरं दुखणं याहून मोठं. आपल्या शाळेवर, आपल्या संस्थेवर गदा आली की आमची निवेदनं त्याच दिवशी निघतात. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री इथे आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. तेव्हा तिथे धावत गेलेल्यांत आमच्यापैकी किती होते, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. फक्त स्वतःसाठी बोलणं म्हणजे वकिली. ती करायचा हक्क सगळ्यांना आहे, पण तिला नीती म्हणू नये. जिथे सगळ्यांचे पोहरे पडतात त्या विहिरीसाठी बोललात, तर तिथून नीती सुरू होते.

आणि तिची किंमतही असते. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दिब्रिटो अध्यक्ष होते. निवड झाल्यापासून आक्षेप एकच : ते धर्मगुरू आहेत. आयोजकांना धमक्यांचे फोन गेले. बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या माणसाचं मराठीपण झग्यावरून मोजलं गेलं. दुसरी किंमत याहून फार जड. फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी अटक झाली. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. जामीन मिळाला नव्हता आणि खटला सुरूही झाला नव्हता. आरोप खरे की खोटे हे ठरवायचं काम कोर्टाचं होतं. पण कोठडीतल्या म्हाताऱ्याला पाणी पिता यावं, हे पाहायला निकालाची गरज नसते. सरकारचं किमान काम कोणतं, हे आम्हाला एका वाक्यात विचारलंत तर आम्ही हेच सांगू : ज्याचं शरीर तुमच्या ताब्यात आहे, त्याची जबाबदारी तुमची.

आम्ही तेव्हा मेणबत्त्या लावल्या. लावायलाच हव्या होत्या. पण स्वामींनी आयुष्य घालवलं ते झारखंडच्या आदिवासींसाठी, खटल्याविना तुरुंगात पडलेल्या पोरांसाठी. त्या पोरांचा धर्म कोणता, हा त्यांच्या कामाचा निकष नव्हता. आमच्या मेणबत्त्यांनी तो विचारला का? खटल्याची वाट पाहत कुजणारे कितीतरी कैदी आजही तुरुंगांत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही कुठल्या चौकात उभे राहिलो?

तर, सेमिनरीतल्या त्या तरुण फादरनं नळाबद्दल बोलावं का? बोलावं. कोणाला मत द्या हे सांगू नये, ते त्याचं काम नाही. बोलताना चर्चची शिकवण पुढे करू नये, पाण्याची पातळी पुढे करावी, म्हणजे शेजारच्या हिंदूला, मुसलमानाला, देव न मानणाऱ्यालाही वाद घालता येईल. आणि तोंड उघडण्याआधी एकदा स्वतःला विचारावं : या नळावर माझ्याखेरीज कोण उभं आहे?

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आमच्याशी न पटणारे आधी घेऊ.