आत्याने कुणाला काय सांगितलं?

गेल्या सुट्टीत भावाच्या दोन्ही मुलांना घेऊन हिंगोलीहून नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेले होते. भाची आठ वर्षांची, भाचा सहाचा. हे केंद्र 1992 साली सुरू झालं. इथे वस्तू हाताळून बघायच्या असतात, त्यामुळे पोरं खूश.

एका अंतर्वक्र आरशासमोर आम्ही बराच वेळ होतो. भाचीला मी म्हणाले, "पुढे ये. आता मागे जा. बघ, उलटी झालीस!" भाचा आला तेव्हा मात्र गुडघ्यावर बसून त्याला समजावलं, की आरसा आत वळलेला आहे, त्यामुळे किरण एका ठिकाणी गोळा होतात आणि त्याच्या पलीकडे गेलं की चित्र उलटतं. त्याने विचारलंही नव्हतं! भाची शेजारीच उभी होती.

तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर केविन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि सहकाऱ्यांचा 'सायकॉलॉजिकल सायन्स'मधला 2001 चा शोधनिबंध पुन्हा वाचला आणि चरकलेच. कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात त्यांनी पालक आणि लहान मुलांचं बोलणं टिपलं होतं. वस्तू कशी वापरायची आणि समोर काय घडतंय, हे पालक मुलामुलींना सारखंच सांगत होते. 'असं का घडतं' हे मात्र मुलांना सांगण्याची शक्यता मुलींच्या तिप्पट होती.

या निबंधाचं खरं बळ तिप्पट या आकड्यात नाही, बरं का. ते बोलण्याचे हे प्रकार वेगळे मोजण्यात आहे. नुसते शब्द मोजले असते तर फरक दिसलाच नसता. मापन कुठे कापायचं, हे ठरवणं म्हणजेच अर्धं संशोधन. तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर या निबंधाची पद्धत आधी वाचा, निष्कर्ष नंतर. आणि 'तिप्पट' दिसलं की मूळ टक्केवारी शोधा. एकाचे तीन झाले तरी तिप्पट, तीसाचे नव्वद झाले तरी तिप्पटच.

आता माझी तक्रार. स्पष्टीकरण मिळालं म्हणजे मूल जास्त शिकलं, असं वाचणारा सहज धरून चालतो. पण इथे मोजलंय ते मोठ्यांचं बोलणं. मुलाला काय कळलं हे नाही. उलट एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'कॉग्निशन'मध्ये दाखवलं, की खेळण्याची एकच करामत मुद्दाम शिकवली तर लहान मुलं तेवढंच करत बसतात, बाकीचं शोधत नाहीत. म्हणजे भाचा माझं ऐकून आरशापुढून निघूनही गेला, भाची मात्र पुढे-मागे होतच राहिली, हा योगायोग नसेलही. (एका कुटुंबावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.)

पण यामुळे मी सुटत नाही. शोधायला मोकळं सोडायचं असेल तर दोघांनाही सोडायला हवं होतं. मी निवड केली ती मुलगा-मुलगी बघून, तीही स्वतः विज्ञानात पीएचडी करणारी बाई असून. क्राउलींचे पालकही मुद्दाम करत नव्हते.

परतीच्या गाडीत भाचीने विचारलं, "आत्या, औंढ्याच्या त्या आरशात पण माणूस उलटा दिसेल?" औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या भुजा असणार, हे आमच्याकडे पोरांनाही ऐकून माहीत. अमेरिकेतल्या लायगोच्या मुख्य आरशांची वक्रता अगदी नाममात्र, त्रिज्या दोन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तसा आरसा असेल तर उलटी प्रतिमा तयार व्हायला साधारण एक किलोमीटर मागे जावं लागेल, असं तिला सांगितलं, किरणांसकट.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण एवढ्या लांबून आपण दिसू का त्यात?"