आबालाल रहिमान
(सु. १८६०–२८ डिसेंबर १९३१). कोल्हापूरचे निसर्गचित्रकार. जन्म कोल्हापूर येथे. वडील अरबी-फार्सीचे जाणकार असून कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. आबालाल यांच्या रेखाटनातील संयम आणि नेमकेपणा पाहता, लेखणीची ही घरगुती शिस्त त्यांच्या हाती उतरली असावी असे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. तेथे त्यांना व्हॉइसरॉय सुवर्णपदकाचा मान मिळाला. मुंबईत व्यक्तिचित्रांना मागणी असतानाही ते कोल्हापुरास परतले आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या (कार. १८९४–१९२२) आश्रयाने दरबारी चित्रकार झाले. महाराजांसाठी त्यांनी शिकारीची व प्राण्यांची चित्रेही काढली. परंतु त्यांची खरी प्रतिभा निसर्गचित्रणातच प्रकटली.

रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापुरास येणाऱ्यास प्रकाशातील पालट चटकन जाणवतो. किनाऱ्यावरची दमट, डोळे दिपविणारी उन्हे मागे पडतात व पठारावर कोरडा, सावल्यांच्या कडा स्पष्ट करणारा प्रकाश भेटतो. आबालाल यांनी हाच प्रकाश तळ्यांच्या पाण्यावर पडलेला पाहिला. संध्यामठ हे त्यांचे विशेष गाजलेले चित्र. रंकाळ्यातील ही दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की पुन्हा दिसू लागते. दगडाचा स्थिर भार आणि त्याखाली थरथरणारे प्रतिबिंब यांतील ताण हाच या चित्राचा खरा विषय होय. ब्रिटिश अकादमिक पद्धतीच्या घोटीव रंगलेपनाने हा ताण साधला नसता. येथे रंगांचे लहान लहान ठिपके व तुटक फटकारे शेजारीशेजारी ठेवलेले आहेत.

या तंत्रामुळे त्यांना ‘भारतीय दृक्प्रत्ययवादी’ म्हणण्याची प्रथा पडली. ती फारशी उपकारक नाही. दृक्प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले, हे खरे. परंतु मुंबईच्या कलाशाळेतील तत्कालीन शिक्षणाचा ओढा त्या दिशेने नव्हता. शिवाय, फ्रेंच चित्रकारांना क्षणाचे कौतुक होते, तर आबालाल यांना स्थळाचा ध्यास होता. त्याच त्या काठावर ते पुनःपुन्हा जात राहिले. या दृष्टीने ते जर्मन स्वच्छंदतावादी निसर्गचित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याला अधिक जवळचे वाटतात. मात्र फ्रीड्रिखच्या निसर्गातील धार्मिक प्रतीकांचा भार त्यांच्या चित्रांत नाही.

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्या आघाताने विरक्त होऊन आबालाल यांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, अशी आख्यायिका आहे. या चित्रांची संख्या हजारांत सांगितली जाते. ते फकिरी वृत्तीने राहत, त्यामुळे ही कथा सहज पटते; आणि नेमके त्यामुळेच त्यांच्या कलेचे नुकसान झाले. बुडालेल्या चित्रांविषयी जितके बोलले गेले, तितके उरलेल्यांकडे निरखून पाहिले गेले नाही. ६ जून १९३१ रोजी म्यूनिक येथील काचमहाल जळाला व त्यात फ्रीड्रिखची नऊ चित्रे नष्ट झाली. परंतु १९०६ च्या बर्लिन प्रदर्शनापासूनच त्याच्या चित्रांचा डोळस अभ्यास सुरू झालेला होता. त्यामुळे जळालेल्या चित्रांची नोंद तरी राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस आबालाल निवर्तले. त्यांच्या चित्रांची तशी यादी तोवर कोणी केलेली नव्हती.

पुढील पिढीतील आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंवर त्यांचा प्रभाव होता. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रपटसृष्टीत नाव मिळविले. त्यांच्या चित्रचौकटीतील छायाप्रकाशाची जाण कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतूनच आलेली आहे. आबालाल यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. ती आकाराने फार मोठी नाहीत. जवळ जाऊन, मग दोन पावले मागे सरून पाहिल्यास ठिपक्यांचे पाणी होताना दिसते.