खारट विहीर ‘चांगली’ कशी ठरते?

पाण्याच्या गुणवत्तेवर संशोधन करायचं मनात असेल, तर पेटचा निकाल आणि मुलाखत यांच्यामधल्या दिवसांत तुम्ही या विषयावरचे वीस-पंचवीस पेपर तरी वाचाल. त्यातले बरेचसे एकाच साच्यातले निघतील. एखादं शहर किंवा उपनगर घ्यायचं, दहा-बारा विहिरी नि बोअरवेलची सॅम्पल्स आणायची, ठरलेले पॅरामीटर मोजायचे, त्यावरून ‘वॉटर क्वालिटी इंडेक्स’ काढायचा आणि नकाशावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके द्यायचे. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. साधं, नेटकं काम पुढच्या माणसाला उपयोगी पडतं. तक्रार आहे ती मधल्या एका पायरीबद्दल, जी सगळे एक्सेलमध्ये उरकतात आणि कुणी उघडून बघत नाही.

थोडा इतिहास. १९६५ मध्ये हॉर्टनने असा निर्देशांक मांडला. १९७० मध्ये ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनसाठी १४२ तज्ज्ञांना विचारून नऊ पॅरामीटर निवडले आणि प्रत्येकाचं वजनही तज्ज्ञांच्या मतावरूनच ठरवलं. आपल्याकडच्या पेपरांत मात्र बहुतेकदा वेगळंच सूत्र दिसतं, ‘वेटेड अरिथमेटिक’ नावाचं. उद्धरणात बहुधा ब्राऊन, १९७२ असतं. यात तज्ज्ञ लागत नाहीत. पॅरामीटरची मानक मर्यादा घ्यायची, १ ला तिने भागायचं, आणि सगळ्या वजनांची बेरीज १ होईल असं जुळवायचं. मग मोजलेलं मूल्य मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढायचं (पीएचसाठी ७ पासूनचं अंतर), वजनाने गुणायचं, बेरीज करायची. २५ पर्यंत ‘उत्कृष्ट’, ५० पर्यंत ‘चांगलं’, ७५ पर्यंत ‘वाईट’, १०० पर्यंत ‘फार वाईट’, त्यापुढे ‘अयोग्य’.

आता एक विहीर घेऊ. काल्पनिक आहे, पण वर्सोव्याच्या खाडीजवळ शोभेल अशी. आकडे: पीएच ७.५, टीडीएस २७००, हार्डनेस ६००, क्लोराईड १२००, नायट्रेट ४५, फ्लोराईड ०.३. पीएच सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे स्वीकार्य मर्यादा अनुक्रमे ८.५, ५००, २००, २५०, ४५ आणि १. पर्यायी स्रोत नसेल तेव्हा चालवून घ्यायची मर्यादा टीडीएससाठी २०००, क्लोराईडसाठी १०००. आपली विहीर दोन्ही ओलांडून गेली आहे. घोटभर तोंडात घेतलंत तर थुंकाल, इतकं खारट पाणी.

सूत्र चालवा. फ्लोराईडचं वजन येतं ०.८७. पीएचचं ०.१०. नायट्रेटचं ०.०२. टीडीएस, हार्डनेस आणि क्लोराईड, तिघं मिळून एक टक्काही भरत नाहीत. निर्देशांक येतो ३५. नकाशावर हिरवा ठिपका, ‘चांगलं’.

म्हणजे समुद्र शिरल्याच्या ज्या खुणा किनाऱ्यालगतच्या उपनगरात आधी बघायला हव्यात, त्यांनाच सूत्राने बोलू दिलेलं नाही. आपण फ्लोराईड मोजलं आणि त्याला पाण्याची गुणवत्ता म्हटलं. उलटही करून पाहा. मुलुंडच्या टेकडीकडच्या एखाद्या बोअरवेलचं पाणी गोडं आहे, बाकी सगळं उत्तम, फक्त फ्लोराईड १.२ आहे, म्हणजे चालवून घेण्याच्या १.५ च्या आतच. एकट्या फ्लोराईडमुळे निर्देशांक १०४ होतो. लाल ठिपका.

इथे एक आक्षेप येतो, मुलाखतीतही येईल: ज्याची मर्यादा लहान ते जास्त घातक, मग त्याला जास्त वजन नको का? ऐकायला पटतं. पण मर्यादेने आपण आधीच एकदा भागलेलं आहे, टक्केवारी काढताना. वजनात पुन्हा भागतो. म्हणजे मूल्याला मर्यादेच्या वर्गाने भागलं. घातकपणा दोनदा मोजला.

आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्याच विहिरीचं तेच फ्लोराईड मायक्रोग्रॅममध्ये लिहा. ०.३ चे ३०० झाले, मर्यादा १ ची १००० झाली, टक्केवारी तीच, तीस. पण १ भागिले १००० म्हटल्यावर फ्लोराईडचं वजन कोसळतं आणि बाकीच्यांचं वाढतं. निर्देशांक येतो ७०. ‘वाईट’. पाण्याचा एक थेंब बदललेला नाही, फक्त एकक बदललं. वजन मापलं ग्रॅममध्ये तर बारीक आणि किलोमध्ये तर जाडा, असा तराजू आपण भाजीवाल्याकडेही चालवून घेणार नाही.

अजून एक गंमत. गाईड म्हणतात, जड धातूही घाल, पेपर भारदस्त होईल. तुम्ही शिसं मोजता. मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणून वजन जवळजवळ ९९ टक्के. उपकरणाला शिसं सापडलं नाही, तुम्ही रकान्यात शून्य टाकता. आपल्या खारट विहिरीचा निर्देशांक ०.४ वर येतो. ‘उत्कृष्ट’. विहीर तीच, तुम्ही मेहनत जास्त केलीत म्हणून पाणी सुधारलं.

हे नुसतं गणिती खुसपट नाही. उपनगरातल्या कितीतरी सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी फ्लशला आणि बागेला वापरतात. मे महिन्यात पाणीकपात लागली की ते कुठल्या टाकीत सोडायचं, यावर कमिटीच्या बैठकीत वाद होतात. तिथे कुणीतरी मोबाईलवर तुमचा नकाशा उघडतो. तो सूत्र बघत नाही, ठिपक्याचा रंग बघतो.

त्या रंगात जंतूंचा पत्ताच नसतो, हेही लक्षात घ्या. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात आढळता कामा नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे शून्य. १ ला शून्याने भागता येत नाही, त्यामुळे तो या सूत्रात बसतच नाही. सांडपाण्याच्या गटाराला खेटून असलेल्या बोअरवेलमध्ये सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न सूत्राच्या सोयीसाठी बाद. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांसाठी जो निर्देशांक वापरतं तो या बाबतीत बरा आहे. त्यात चारच पॅरामीटर आहेत आणि वजनं ठरलेली आहेत: विरघळलेला ऑक्सिजन ०.३१, फीकल कोलिफॉर्म ०.२८, पीएच ०.२२, बीओडी ०.१९. यादी आणि वजनं बदलत नसल्यामुळे एकाच ठिकाणची यंदाची आणि गेल्या वर्षीची तुलना तरी करता येते. (तिथे मोठा आकडा म्हणजे चांगलं पाणी. दोन्ही सूत्रांची भेसळ करणारे तक्ते सापडतात, सावध राहा.)

मग करायचं काय? निर्देशांक काढायचाच असेल तर काढा, पण निष्कर्ष त्यावर टांगू नका. आधी आकडे विश्वासार्ह आहेत का ते बघा. धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये जुळली पाहिजे, फरक पाच टक्क्यांच्या आत. ही तपासणी ज्या पेपरात नाही, त्याचे सुंदर नकाशे मी तरी बेताने घेते. ‘टीडीएस आणि विद्युतवाहकता यांत ०.९९ सहसंबंध आढळला’ असं वाक्य दिसलं तर उपकरणाचं नाव शोधा. हातातला मीटर वाहकताच मोजतो आणि तिला ठरलेल्या गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. आकड्याचा स्वतःशीच सहसंबंध लागणार नाही तर काय.

आणि मग एका विहिरीला एक नेमका प्रश्न विचारा. समुद्राच्या पाण्यात क्लोराईड साधारण १९,००० मिलिग्रॅम असतं. आपल्या विहिरीचं मूळ गोडं पाणी ५० चं धरलं, तर १२०० होण्यासाठी सहा टक्के समुद्र मिसळला की पुरे. पण क्लोराईड सांडपाण्यातूनही येतं. कुठलं ते ओळखायला ब्रोमाईड मोजा. समुद्राच्या पाण्यात क्लोराईड ब्रोमाईडच्या सुमारे २९० पट असतं, सांडपाण्यात हे गुणोत्तर सहसा त्याहून जास्त. विहीर ‘चांगली’ की ‘वाईट’ यापेक्षा ‘खारटपणा आला कुठून’ हा प्रश्न संशोधनाचा आहे. त्याचं उत्तर उपसा कमी करायचा की गटाराची गळती शोधायची, हे सांगतं.

प्रवाहांच्या बाबतीत सरासरी काढणं सगळ्यात घातक. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून, तुळशी तलावाच्या बाजूने येते आणि वस्ती ओलांडून खाडीला मिळते. पोईसर, ओशिवरा, मिठी यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. मिठी तर पवईपासून धारावीपर्यंत केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत पहिल्या प्राधान्यक्रमात आहे, म्हणजे बीओडी ३० च्या वर. उद्यानाच्या कुंपणाजवळचं सॅम्पल आणि खाडीच्या तोंडाचं सॅम्पल एकत्र करून ‘नदीचा निर्देशांक’ काढला, तर तो नदीतल्या कुठल्याच पाण्याचा नसतो. उन्हाळ्यात खालच्या टप्प्यात वाहतं ते मुख्यतः सांडपाणी, डोंगराचं पाणी फारसं उरलेलं नसतं. आणि खाडीच्या भागात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. सकाळी सातला भरतीत बाटली भरलीत आणि दुपारी एकला ओहोटीत, तर एकाच पुलावरून दोन वेगळी पाणी घरी येतील.

म्हणून पेपर वाचताना सॅम्पलच्या तक्त्यात तीन रकाने शोधा: तारीख, वेळ, भरतीची स्थिती. बहुतेक ठिकाणी फक्त ‘प्री-मान्सून’ लिहिलेलं असेल. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि चौथा, ऑक्सिजनचं सॅम्पल जागेवरच फिक्स केलं का, याचा. ती बाटली तशीच रिक्षातून, मग लोकलमधून लॅबपर्यंत नेलीत, तर वाटेत ऑक्सिजन किती गेला नि किती आला, ते नंतर कुठल्याच सूत्राने काढता येत नाही.