'अधांतर' : रंगमंचावर न येणारा मालक

ऑगस्ट २०११मध्ये मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. १६ तारखेला अण्णा हजारेंना दिल्लीत अटक झाली आणि त्यानंतर आम्ही लालबागच्या चाळीतली सात-आठ पोरं रोज करीरोडला गाडी पकडून सीएसटीला उतरायचो आणि आझाद मैदान गाठायचो. डोक्यावर 'मी अण्णा' लिहिलेली टोपी, हातात तिरंगा. १९ तारखेला डबेवाल्यांनी पाठिंबा म्हणून डबे बंद ठेवले, तेव्हा तर आता काहीतरी होणारच याची खात्री पटली.

एका रात्री बसलेल्या घशाने घरी आलो. वडिलांनी विचारलं, "लोकपाल आला की काय होणार?" मी जोशात सांगितलं, मंत्री असो की कारकून, लाच खाणारा आत जाणार. ते ताटावर बसता बसता म्हणाले, "गिरण गेली तेव्हा आमच्याकडे कोणी लाच नाय मागितली."

वडील १९८२च्या संपातले. मला ते बोलणं हरलेल्या माणसाचं वाटलं. त्याचा नीट अर्थ लागायला पुढे जयंत पवारांचं 'अधांतर' वाचावं लागलं.

त्याच्या आदल्याच वर्षी या नाटकावरचा महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' मी भारतमाताला पाहिला होता. सिनेमात गिरणीमालक दिसतो, त्याचे डाव दिसतात. थिएटरात त्याला शिव्या पडत होत्या, माझ्याही त्यात होत्या. बाहेर पडताना मन हलकं झालं होतं. कोणी वाट लावली ते कळलं होतं ना!

१९९७च्या मूळ नाटकात ही सोय नाही. तिथे चाळीतली एक खोली आहे आणि संपानंतरचं धुरी कुटुंब. लेखक व्हायची स्वप्नं पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन, गुंडगिरीत शिरलेला नरू, त्यांची बहीण मंजू आणि सगळ्यांना धरून ठेवू पाहणारी आई. मालक रंगमंचावर येतच नाही. पहिल्या वाचनात मला ही उणीव वाटली. ज्याने हे सगळं केलं त्याला लेखकाने मोकळा का सोडला?

पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की, नाटकाचा कणा तोच आहे. मालक समोर नसल्यामुळे या घरातला राग एकमेकांवरच उलटतो. भाऊ भावाच्या अंगावर जातो, आईच्या वाट्याला बोलणी येतात. प्रत्येकाला वाटतं, घर बुडालं ते या दुसऱ्यामुळे. पवार कुठेही भाष्य करत नाहीत. चिडलेली माणसं एका खोलीत ठेवतात आणि दाराबाहेर जे घडून गेलंय त्याचं वजन आपल्याला जाणवू देतात.

दाराबाहेर काय घडत होतं? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानुसार, गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेड उभ्या असलेल्या जमिनीची नाही. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार! शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे सगळं कायद्यात बसणारं. आमच्या टोप्यांवरच्या लोकपालाने यात कोणाला पकडलं असतं? आम्ही भ्रष्टाचार म्हणत होतो तो टेबलाखालचा. टेबलावर, सही-शिक्क्यानिशी झालेल्या गोष्टीला आमच्याकडे शब्दच नव्हता. रोज गाडीच्या खिडकीतून गिरण्यांच्या जागी वर चढणारे टॉवर दिसायचे. आम्ही टोप्या सावरत घोषणांची उजळणी करायचो.

आमचं मैदानावर जाणं फुकट होतं असं मी म्हणणार नाही. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरताना वडिलांच्या नोकरीचा एक दाखला हवा होता, तो पाचशे रुपये दिल्याशिवाय हलला नाही. ते पैसे मीच दिले, मैदानावरून आल्यानंतर महिन्याभरातच. त्या पाचशेसाठी कायदा हवाच होता. तो संसदेत डिसेंबर २०१३मध्ये झाला, पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडलं. घरांची पहिली सोडत जून २०१२मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. आमचा नंबर लागला नाही.

'अधांतर'बद्दल माझी एक तक्रार मात्र शिल्लक आहे. बाबा, मोहन, नरू तेव्हाच्या आमच्याच वयाचे. त्यांच्यापैकी कोणालाही रस्त्यावर उतरावंसं वाटत नाही. ज्या वस्तीने सुमारे अडीच लाखांचा संप लढवला, तिच्या पुढच्या पिढीत ती धग इतकी विझावी, हे मला पूर्ण पटत नाही. आमच्यात ती होती. आम्हाला फक्त कुठे जायचं ते माहीत नव्हतं, म्हणून सगळे गेले तिथे गेलो. नाटक आणि आंदोलन समोरासमोर ठेवलं की हे दिसतं. धुरींच्या घरात राग आहे, त्याला मैदान नाही. आम्हाला मैदान होतं, पण आपल्याच गल्लीतला गुन्हा आम्ही घोषणेत घेतला नाही.

माझी पहिली नोकरी लोअर परळला लागली, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. पहिल्या दिवशी वडिलांनी इमारत कुठली ते विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी जुन्या गिरणीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "चांगलं झालं, चालत जाता येईल." त्या रात्री मी 'अधांतर' तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. मालक कुठे आहे, हा प्रश्न या खेपेला मला पडला नाही. महिन्याच्या एक तारखेला त्याच्याच छताखाली माझा पगार होणार होता.