गाळलेले कडवे : हॅरल्ड डार्कच्या एका वृंदरचनेविषयी

ख्रिस्तिना रोझेटी (१८३०–१८९४) या इंग्रज कवयित्रीची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही पाच कडव्यांची कविता १८७२ साली ‘स्क्रिब्नर्स मंथली’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. तिच्या दोन चाली विशेष रूढ आहेत. एक गुस्टाव्ह होल्स्टची, ‘द इंग्लिश हिम्नल’ (१९०६) या स्तोत्रसंग्रहातील. दुसरी हॅरल्ड डार्कने (१८८८–१९७६) १९०९ साली, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये शिकत असता, ऑर्गनच्या साथीने मिश्र वृंदासाठी बांधलेली. २००८ साली ‘बीबीसी म्यूझिक मॅगझीन’ने वृंदसंचालक व जाणकार यांचा कौल घेतला, तेव्हा डार्कची रचना सर्वश्रेष्ठ ठरली. संगीताच्या दृष्टीने हा कौल रास्त आहे. कवितेच्या दृष्टीने तो तसा आहे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

रोझेटीच्या ओळींतील अक्षरसंख्या सारखी नाही. आपल्या ओवीप्रमाणे तिचे चरण आखूड-लांब होतात. होल्स्टची चाल सर्व कडव्यांना एकच असल्यामुळे लांब चरणांतील जादा अक्षरे गायकांना त्याच स्वरांत दाटीने बसवावी लागतात. डार्क प्रत्येक कडव्याचा विचार वेगळा करतो. पहिले कडवे एकटी सोप्रानो गाते, दुसरे चार आवाजांचा वृंद, तिसरे टेनर आणि शेवटचे पुन्हा वृंद. एकाकी हिमाळ्याचे वर्णन एकट्या आवाजाने व्हावे, ही योजना मार्मिक आहे.

परंतु ही चौघडी सांधताना डार्कने मूळचे चौथे कडवे वगळले. त्या कडव्यात एकीकडे देवदूतांची दाटी आहे, तर दुसरीकडे केवळ आईने घेतलेला बाळाचा मुका. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर कवितेतील विरोधलय येथे पूर्णत्वास जाते. पूजेला ऐश्वर्य लागत नाही, हे मातेच्या कृतीने सिद्ध होते. म्हणूनच पुढच्या कडव्यात दरिद्री निवेदिकेला आपणही काय द्यावे असा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. हा दुवा निखळला की तो प्रश्न गोठ्यातील जनावरांच्या वर्णनानंतर एकाएकी उभा राहतो.

दुसरी हानी शब्दाची आहे. तिसऱ्या कडव्यातील आईच्या दुधाचा उल्लेख संकोचापोटी बदलून तेथे हृदयातील आनंदाचा उल्लेख घालण्यात आला. पुढील आवृत्त्यांत मूळ शब्द परत आले. हा बदल केवळ सोवळेपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. रोझेटीने ‘हृदय’ हा शब्द कवितेच्या अगदी अखेरीस, अर्पणाची वस्तू म्हणून, राखून ठेवला आहे. तो आधीच उच्चारला गेल्याने त्या अखेरचे बळ ओसरते. शिवाय दूध आणि मुका ही दोन्ही गेल्यावर आईची देहधारी माया गीतातून जवळजवळ नाहीशी होते, आणि ईश्वराने देह धारण केला, हाच तर कवितेचा विषय आहे.

चार कडव्यांमुळे एकल आणि वृंद यांचा समतोल साधतो, असा बचाव करता येईल, व तो खोटा नाही. तथापि तो समतोल स्वरांचा आहे, अर्थाचा नाही. होल्स्टची चाल साधी खरी, पण तिच्यावर पाचही कडवी गाता येतात. म्हणून गायिलेल्या कवितेचे परीक्षण करताना चालीचा उत्कर्ष जोखण्यापूर्वी कोणती संहिता गायिली गेली हे पाहणे अगत्याचे ठरते. डार्कची रचना ऐकताना छापील कविता हाती असावी. तरच तिचे सौंदर्य आणि त्यासाठी मोजलेली किंमत, दोन्ही ध्यानात येतील.