गाळणीची उपमा कोठे फसते?

काशीमीऱ्याच्या नाक्यावर उभे राहिले की एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसरीकडे उंच इमारती दिसतात. २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या बांधकामांना पर्यावरणविषयक मंजुरी लागते. सांडपाणी आवारातच शुद्ध करणे ही तिची नेहमीची अट. जागा अपुरी असली की पटल बसवलेली जैविक टाकी सुचवली जाते. तीत जिवाणू मैला खातात आणि सूक्ष्म छिद्रांचे पटल पाणी वेगळे करते. हे समजावताना हमखास उपमा येते ती चहाच्या गाळणीची. आमचा आक्षेप या उपमेला आहे.

उपमा निम्मी खरी आहे. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, छिद्र ०.१ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून तो अलीकडेच राहतो. पण चहाचा चोथा निर्जीव असतो, टाकीतला गाळ जिवंत. जिवाणू चिकट शर्करा आणि प्रथिने स्रवतात. ती छिद्रांत शिरून भिंतींना चिकटतात, वर गाळाचा थर बसतो आणि पटल चोंदते.

उपमेचा मोठा दोष पुढेच आहे. गाळणी तुंबली की आपण चमच्याने दाबतो. पटलामागची ओढ वाढवली तर मात्र थर अधिकच घट्ट होतो. पूर्वी पटल टाकीबाहेर असे आणि गाळ पंपाने जोरात फिरवावा लागे. १९८९मध्ये काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचे पटल टाकीतच बुडवले आणि पाणी कमी दाबाने, थांबत थांबत ओढले. १९९५मध्ये रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी 'क्रांतिक प्रवाहा'ची कल्पना मांडली: पाणी ओढण्याच्या वेगाला एक मर्यादा असते, ती ओलांडली की पटल झपाट्याने चोंदते. मर्यादेत राहूनही ते हळूहळू चोंदतेच; म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडतात आणि अधूनमधून सोडियम हायपोक्लोराइट व सायट्रिक आम्लाने धुतात.

पटलाला नुसती गाळणी समजणारी सोसायटी या धुण्यासाठी पैसे राखून ठेवणार नाही. मग अर्धवट शुद्ध पाणी नाल्यावाटे वसईच्या खाडीकडे जाण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी वर्गात गाळणकागदातून मातीचे गढूळ पाणी गाळावे आणि दर मिनिटाला पडणारे थेंब मोजायला सांगावे. कागद तोच, पाणी तेच. तरी थेंब कमी का होतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. गाळणीची उपमा तेथून पुढे न्यावी.