प्रतिपिंडाची साक्ष आणि विकराची क्रियाशीलता : ‘जी-६-पीडी कल्याण’च्या निमित्ताने

ठाणे जिल्ह्यातील शेलारजवळच्या कल्याण शहराचे नाव एका सदोष विकराला मिळाले आहे. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज (जी-६-पीडी) हे विकर ग्लुकोजच्या चयापचयातील पेंटोज फॉस्फेट मार्गाचा प्रारंभ करते व तांबड्या रक्तपेशींचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करते. एका कोळी कुटुंबात आढळलेल्या त्याच्या प्रकाराचे ‘जी-६-पीडी कल्याण’ या नावाने १९८४ मध्ये वर्णन झाले. ‘केरळ’ हा प्रकार त्याहून वेगळा मानला जाई. १९९२ मध्ये मात्र दोहोंतील उत्परिवर्तन एकच असल्याचे जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले : ३१७ व्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी लायसिन.

या विकराचा शोध घेणारी प्रतिपिंडे आज प्रयोगशाळांना तयार मिळतात. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी उमटली की विकर ‘आहे’ अशी नोंद होते. ही नोंद अपुरी होय. प्रतिपिंड प्रथिनाचा लहानसा भाग ओळखते. ते प्रथिन कार्यक्षम आहे काय, हे त्यावरून कळत नाही. एका अमिनो आम्लाच्या बदलाने क्रियाशीलता घटली तरी पट्टी उमटू शकते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. व्हायवॅक्स हिवतापाच्या समूळ उपचारासाठी दिले जाणारे प्रायमाक्वीन या विकराची कमतरता असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी फोडू शकते. तेथे एनएडीपीएच निर्मितीवरून क्रियाशीलता मोजणारी चाचणीच ग्राह्य ठरते. प्रतिपिंडाचे मोल प्रथिनाचे प्रमाण दाखविण्यात आहे. दोन्ही मोजमापे शेजारी ठेवली, तरच प्रथिन घटले की असूनही निकामी ठरले, हे उलगडते. म्हणून महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत ‘उपस्थिती’ व ‘क्रियाशीलता’ यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी.